काम काढण्यापूर्वी

आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या रात्री सापडेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता गवंडी येणार होते, दहा दिवस खपून आम्ही सगळे घर खोक्यांत भरले होते, प्रत्येक खोक्यावर जाड पेनाने नाव घातले होते, आणि रात्री साडेनऊला माझ्या सासूबाई पाण्याचे भांडे हातात धरून पलंगावर बसून होत्या. “घाई नाही गं, सापडली की दे,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो शांतपणाच मला अधिक टोचला. हॉलमध्ये भिंतीला लागून ३१ खोकी रचलेली होती आणि त्यांतल्या ९ खोक्यांवर नुसते ‘स्वयंपाकघर’ असे लिहिलेले होते. औषधांचा डबा वर्षानुवर्षे फ्रिजवर असायचा आणि फ्रिज स्वयंपाकघरात होता, त्यामुळे आवरताना माझ्या हाताने तो आपोआप त्याच खोक्यांपैकी एकात गेला असणार, हे ध्यानात यायला अर्धा तास गेला. पावणेअकराला चौथ्या खोक्यात, मिसळणाच्या डब्याखाली तो मिळाला.

‘काम काढणे’ हा शब्दप्रयोग आपण फार सहज वापरतो. यंदा आम्ही काम काढले आहे, असे कोणी म्हटले की ऐकणारा लगेच टाइल्स कोणत्या, ओटा कसला, खर्च किती, असे विचारू लागतो. त्या दिवसांत घरातली माणसे झोपणार कुठे, भात शिजणार कुठे, सकाळी संडासला जाणार कुठे, हे कोणी विचारत नाही; आणि खरे सांगायचे तर पहिला महिनाभर आम्हीही ते एकमेकांना विचारले नव्हते. आमचा सगळा जीव टाइल्सच्या दुकानांत अडकला होता.

आमचे घर डोंबिवली पूर्वेला, १९८७ साली बांधलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही. घर ५२० चौरस फुटांचे, म्हणजे हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली, एक अरुंद गॅलरी, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे वेगवेगळे पण एकेकच असलेले संडास आणि न्हाणीघर. राहणारे चौघे: आई, नवरा, बारावीतली लेक आणि मी. फरशी मोझॅकची, ओटा काळ्या कडप्प्याचा, पाण्याचे पाइप जुन्या लोखंडी घडणीचे. काम काढण्याचे कारणही सुंदर घराची हौस वगैरे नव्हते. दोन वर्षांपासून खालच्या मजल्यावरचे काका आम्हाला आपल्या न्हाणीघराच्या छतावरचा ओलीचा डाग दाखवत होते. पहिल्या वर्षी तो ताटलीएवढा होता, दुसऱ्या वर्षी परातीएवढा झाला. काका कधी आवाज चढवून बोलले नाहीत, पण जिन्यात भेटले की “या एकदा, बघून जा” एवढे म्हणत, आणि आम्ही चोरासारखे जाऊन मान वर करून तो डाग बघून येत असू.

मुहूर्त आम्ही पंचांगात शोधला नाही, तो माणसांच्या येण्याजाण्यात शोधावा लागला. सुतार, रंगारी आणि पीओपीचे काम करणारे बहुतेक कारागीर उत्तर प्रदेश, राजस्थान, बिहारकडचे असतात. दिवाळीला ते गावी जातात, बिहारकडचे तर कार्तिक शुद्ध षष्ठीची छठपूजा आटोपल्याशिवाय परतत नाहीत, आणि होळीला पुन्हा निम्मी मंडळी गाडीत बसतात. मे महिन्यात लग्नसराई असते. पावसाळ्यात प्लास्टर वाळत नाही, दरवाजे फुगतात आणि सुताराने जुळवलेली फळी आठवड्याने आपोआप वाकडी होते. यात आमच्या लेकीची बारावी होती, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून प्रात्यक्षिके आणि फेब्रुवारीत लेखी परीक्षा. सगळे वजा करता नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य, एवढे दोन महिने हातात उरले. कंत्राटदार म्हणाले की ४५ दिवसांत चावी हातात देतो. समोरच्या काकूंनी दोन वर्षांपूर्वी काम काढले होते, त्या म्हणाल्या, “ते सांगतील त्याची दीडपट धरायची, आणि वर आठ दिवस स्वतःचं रडणं धरायचं.” हा हिशेब मला कुठल्याही कोटेशनपेक्षा खरा वाटला.

त्याआधी एक गोष्ट घडून गेली होती. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या कल्याण पूर्वेत एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा माणसे गेली. डोंबिवलीतल्या आमच्यासारख्या इमारतींमध्ये त्या आठवड्यात जिन्यात दुसरा विषय नव्हता. त्यामुळे सोसायटीला अर्ज दिला तेव्हा सचिवांनी तो नुसता सही करून परत दिला नाही. सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, हे आदर्श उपविधींमध्ये पूर्वीपासून आहे. त्याच उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण व्हावे लागते, हेही आहे. पण आमच्याकडे आजवर असले कागद फाइलला लागण्यापुरतेच होते. या वेळी सचिवांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवून त्याचे पत्र आणायला सांगितले. तेव्हा मला ते अडवणुकीचे वाटले होते. आज वाटते की त्या पत्राची फी हा सगळ्या कामातला सर्वांत कमी कुरकुर करावी असा खर्च होता.

इंजिनिअर हातात लहानशी हातोडी घेऊन आले आणि घरभर फरशीवर टकटक करत फिरले. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढायची आमची इच्छा होती. इमारत आरसीसी खांब-तुळयांची असल्यामुळे आणि ती भिंत चार इंची असल्यामुळे ती काढता येईल, असे त्यांनी सांगितले. मात्र तिच्या वरच्या तुळईला आणि कडेच्या खांबाला छिन्नीसुद्धा लागता कामा नये, वायरिंगच्या खाचाही तिथे मारायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावले. फरशीच्या बाबतीत तर त्यांनी आमचा बेतच उलटवला. आम्हाला जुनी फरशी न फोडता तिच्यावरच नवी बसवायची होती, कारण त्यात धूळ कमी आणि दिवस कमी. त्यांनी आमच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला. दोन इंच जाडीच्या सिमेंट-वाळूच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरते. आतली खोली दहा बाय बारा फुटांची, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. तेवढ्या एका खोलीतच नव्या टाइल्सचे वजन धरून सव्वा टनाहून जास्त भार जुन्या स्लॅबवर वाढला असता, आणि तो वाढून पुढची वीस-तीस वर्षे तिथेच बसला असता. चिकटवण्याच्या मसाल्याने पातळ थरात टाइल लावता येते, असे दुकानदाराने सांगितले होते, तेही मी विचारले. त्यावर त्यांनी पुन्हा हातोडी टेकवली. चारपैकी एक फरशी खालून पोकळ वाजत होती. “हिच्यावर काय चिकटवणार?” एवढेच ते म्हणाले.

मग फोडायचे ठरले, आणि फोडायचे म्हणजे फोडलेले खाली न्यायचे. त्याच खोलीच्या राबिटचे, म्हणजे फोडलेल्या फरशी-सिमेंटच्या ढिगाऱ्याचे, गणित केले तर तीस-तीस किलोच्या पन्नासेक गोण्या निघतात, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्या पन्नासही गोण्या कोणाच्या तरी डोक्यावरून दोन जिने उतरतात. इंजिनिअरांनी अट घातली की या गोण्या खोलीच्या मध्यावर एकावर एक रचायच्या नाहीत, भिंतीकडेला पसरून ठेवायच्या आणि रोजच्या रोज खाली न्यायच्या. राबिट रस्त्याच्या कडेला किंवा खाडीच्या बाजूला नेऊन ओतायचे नाही, ते वेगळे साठवून ठरलेल्या ठिकाणीच द्यायचे, असा केंद्राचा नियम २०१६ पासून आहे; पण तो पाळला जावा म्हणून ‘राबिट कुठे जाणार’ हे वाक्य करारात घालून घ्यावे लागते, नाहीतर टेम्पो रात्री निघतो आणि कुठे रिकामा झाला ते कोणाला कळत नाही. हमालांची मजुरी वेगळी लिहून घेणे हीदेखील तयारीच होती. आमच्या पहिल्या कंत्राटदाराने (ज्यांच्याशी पुढे जमले नाही) तो आकडा कोटेशनमध्ये घातलाच नव्हता, आणि विचारल्यावर “ते बघू की” असे म्हणाले होते. ‘बघू की’ हा घरकामातला सर्वांत महाग शब्द आहे.

खालच्या काकांकडे जायचे मात्र आम्ही सगळ्यांत शेवटी ठरवले होते, आणि ती चूक वेळेवर सुधारली हे बरे झाले. समोरच्या काकू म्हणाल्या, “हातोडा पडायच्या आधी जा, नंतर गेलात तर माफी मागायला गेल्यासारखं होतं.” आम्ही रविवारी सकाळी गेलो, त्यांच्या प्रत्येक खोलीच्या छताचे, भिंतींच्या कोपऱ्यांचे, ट्यूबलाइटच्या आसपासच्या जुन्या भेगांचे फोटो त्यांच्याच फोनवर काढायला सांगितले, आणि मग त्यांनी ते आमच्या फोनवर पाठवले. भेग कोणती जुनी आणि कोणती आमच्या कामाने पडली, याचा वाद मग डोळ्यांवर आणि आठवणीवर राहत नाही. काकांनी फोटो काढता काढता सहज सांगितले की त्यांना दुपारी दोन ते चार झोप लागते, एरवी रात्री नीट येत नाही. आम्ही ते कंत्राटदाराच्या कागदावर लिहून घेतले: ब्रेकर मशीन सकाळी साडेनऊ ते दीड आणि दुपारी चार ते सहा. त्या वेळेने काम चार दिवस लांबणार होते. नवऱ्याने जरा तोंड वाकडे केले, पण परातीएवढा डाग त्यानेही पाहिला होता.

या सगळ्यानंतर माळा उतरवायला घेतला, आणि मला वाटते खरे घर तिथेच उकलायला लागले. स्वयंपाकघरातून न्हाणीघरावर गेलेला तो माळा साडेतीन फूट उंच आणि अंधारा आहे. त्यावरून पहिल्या दिवशी उतरले ते तांब्याचे घंगाळ, पितळेची दोन पातेली, गौरींच्या मुखवट्यांची पत्र्याची पेटी, आकाशकंदिलाचा बांबूचा सांगाडा, लेकीची तीनचाकी, माझ्या लग्नातल्या रुखवतातले लोकरीचे तोरण, आणि कोणत्या उपकरणाची ते कोणालाच सांगता न येणारी थर्मोकोलची सात आवरणे. मी वस्तूंचे तीन ढीग घालत होते: लागणारे, नंतर लागणारे, द्यायचे. आई स्टुलावर बसून बघत होत्या. त्या काही बोलत नसत, पण मी द्यायच्या ढिगात टाकलेली वस्तू पाणी प्यायला जाऊन आले की मधल्या ढिगात सरकलेली दिसे. घंगाळाचा असा तीनदा प्रवास झाला. शेवटी मी विचारले की या घरात बंब नाही, चूल नाही, हे घंगाळ आता कशाला हवे. आई म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला मी याच्यात आंघोळ घातलीय. ठेव म्हणत नाही मी. फक्त भंगारात नको, कोणीतरी वापरेल त्याला दे.” घंगाळ समोरच्या काकूंकडे गेले, त्यांच्या दोन वर्षांच्या नातवाला त्यात बसून पाणी उडवताना मी पाहिले आहे. पातेली राहिली. रद्दीवाल्याने ४२ किलो कागद नेला, आणि बोहारणीने जुन्या साड्यांच्या बदल्यात एक स्टीलचे झाकणाचे पातेले दिले, जे मी लगेच खोक्यात भरले. म्हणजे रिकामे करताना घरात एक भांडे वाढलेच.

खोकी किराणा दुकानातून आणली. त्यांच्यावर नाव घालताना मी ‘स्वयंपाकघर १, २, ३’ असे लिहीत गेले ती चूक वर सांगितलीच आहे. वही घेऊन प्रत्येक खोक्यासमोर आतल्या दहा वस्तू लिहायला हव्या होत्या, आणि त्याहीआधी एक पिशवी वेगळी काढायला हवी होती, जी कोणत्याही खोक्यात जाणार नाही: सगळ्यांची औषधे आणि चिठ्ठ्या, चष्मे, आधारकार्ड, गॅसचे पुस्तक, लेकीचे हॉलतिकीट आल्यावर ठेवायची जागा, चार्जर, मेणबत्त्या, कात्री. ही पिशवी मी नंतर शिवणयंत्राच्या मुठीला टांगली, आणि पुढे दोन महिने ती तिथेच होती. कात्री मात्र रोज कोणीतरी नेत असे.

आता संडासाचे. घरात एकच असला की सगळ्या कामाचा क्रम त्याच्याभोवती फिरतो, आणि याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. न्हाणीघर आणि संडास यांची गळती खरोखर थांबवायची तर वरून पांढरे सिमेंट भरून भागत नाही. फरशी आणि खालची भर काढून स्लॅब उघडा करावा लागतो, सांधे भरावे लागतात, विटांच्या तुकड्यांचा कोबा घालावा लागतो, त्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप, मग नळीची तोंडे बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचे आणि खालच्या घरी जाऊन छत कोरडे आहे की नाही ते बघायचे, आणि मगच टाइल. यातला प्रत्येक थर पाणी मारून मुरावा लागतो. घाई केली की पुन्हा तोच डाग. कितीही रेटले तरी दहा-बारा दिवस ती जागा वापरता येत नाही. दोन महिन्यांसाठी भाड्याने घर आम्ही शोधले, पण मालकांना अकरा महिन्यांच्या कराराखाली कोणी नको असते, आणि जी मिळाली ती स्टेशनच्या पलीकडे. शेवटी संडास आणि न्हाणीघर आधी पुरे करायचे, मग स्वयंपाकघर, मग खोल्या एकेक करून, आणि राहायचे याच घरात, असे ठरले. पहिल्या पंधरा दिवसांसाठी समोरच्या काकूंनी आपले न्हाणीघर देऊ केले. त्यांनी कागदावर वेळापत्रकच लिहिले: पावणेसहा ते सव्वासहा लेक, साडेसहा ते सात मी, सात ते सव्वासात नवरा, आणि खाली कंसात, ‘रात्री केव्हाही, बेल न वाजवता, दार लोटलेले असेल’. शेजारधर्म वगैरे शब्द मी एरवी फार वापरत नाही. पण दुसऱ्याच्या न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभे राहिल्यावर त्याचा अर्थ वेगळा कळतो. आम्ही आमच्याकडून साबण, फिनेल आणि रोजच्या दोन बादल्या पाणी ठरवून घेतले, कारण आमच्या इमारतीत पाणी ठरावीक वेळेलाच येते आणि चार माणसांचे पाणी कोणाच्या टाकीतून जाते हे दोन्ही घरांना माहीत होते.

आईंना मात्र या वेळापत्रकात बसवता येत नव्हते. त्या ७९ वर्षांच्या आहेत, रात्री दोनदा उठतात, आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असले तरी अंधारात त्यांना नीट दिसत नाही. ही गोष्ट आम्हाला अर्थातच माहीत होती. पण त्या अंधारात दिवा न लावता न्हाणीघरापर्यंत कशा जातात, हे मी सव्वीस वर्षांत कधी पाहिले नव्हते. घर मोकळे करायला लागल्यावर एका रात्री मी जागी होते आणि पाहिले. पलंगावरून उठल्या की उजवा हात कपाटाच्या कडेवर, चार पावलांनी तोच हात फ्रिजच्या मुठीवर, मग डावा हात कडप्प्याच्या कडेवरून सरकत जाई. कडप्पा जिथे संपतो तिथे भिंत, भिंतीवर कमरेच्या जरा वर बटण, आणि मग पायाच्या अंगठ्याने उंबरा चाचपून आत. या वाटेवर त्या कुठेही अडखळल्या नाहीत. आईंच्या हाताला हे घर पाठ होते, आणि आम्ही त्या घरातली प्रत्येक कड बदलायला निघालो होतो.

त्यानंतर नकाशा पुन्हा काढला. सुताराने सुचवले तरी कपाट त्या भिंतीवरून हलवले नाही. बटणे ज्या उंचीला होती तिथेच ठेवली. वायरमन म्हणाला होता की हल्ली सगळे वर घेतात. मी म्हटले, आमच्याकडे नको. न्हाणीघरात खडबडीत टाइल, कमोडच्या बाजूला पकडायला स्टीलचा दांडा. उंबऱ्यावरून मात्र वाद झाला. तो अडीच इंच उंच आहे, म्हाताऱ्या माणसाला तो धोक्याचा, तेव्हा काढून उतार द्यावा, असे नवऱ्याचे, कंत्राटदाराचे आणि माझेही मत होते. आई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “काढा. पण तो नसला तर मला कळणार कसं, न्हाणीघर आलं ते?” तिघांपैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी कंत्राटदारानेच एक तोडगा आणला. दाराच्या आधी नऊ इंच रुंदीची, अनवाणी पायाला स्पष्ट जाणवेल अशी खरखरीत पट्टी टाकायची. टाइल्सच्या दुकानात आईंना नेले. त्यांनी चपला काढल्या, सहा नमुन्यांवर पाऊल ठेवून बघितले, आणि डोळे मिटून पाचवा निवडला. दुकानातला मुलगा डिझाइन दाखवत होता, त्याला काय चालले आहे ते शेवटपर्यंत कळले नाही.

बाकीची तयारी भराभर झाली. टाइल्स एकाच वेळी, एकाच बॅचच्या आणि शेड नंबरच्या घेतल्या, कापण्यात जातील म्हणून दहा टक्के जास्त. गॅलरीत टेबल मांडून एका शेगडीचे स्वयंपाकघर केले. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून, घरी फक्त वरण-भात, खिचडी आणि पिठले. पंख्यांना जुन्या चादरी बांधल्या, फ्रिज आणि टीव्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळले, आतल्या खोलीच्या दाराच्या फटीला रोज ओले फडके लावायचे ठरले. लेकीचे टेबल त्याच खोलीत, खिडकीशी. टाइल आणि ग्रॅनाइट कापायचे ते गॅलरीत आणि पाणी मारत कापायचे, कारण त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते आणि ती कापणाऱ्या पोराच्याही फुप्फुसात बसते. त्याच्यासाठी मास्क आणले. त्याने पहिल्या दिवशी गळ्यात घातले. जुना ऑइलपेंट कोरडा खरवडायचा नाही, हेही लिहून घेतले. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत असले पाहिजे, ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आमच्या दारांवरचे रंगाचे थर त्याच्या किती तरी आधीचे, आणि समोरच्या घरात दोन वर्षांचे पोर जमिनीवर हात टेकत फिरणारे.

उरले देव. आईंनी नणंदेकडे बदलापूरला पंधरा दिवस जायला होकार दिला, पण देव घेऊन. देव धुळीत ठेवायचे नाहीत आणि त्यांची पूजा दुसऱ्या कोणावर टाकायची नाही, एवढे त्यांचे पक्के होते. नणंदेच्या सासरी आपले देव न्यावेत की नाही, यावर दोन दिवस फोन चालले. गुरुजी म्हणाले, “पूजा खंडित होऊ नये हे खरं, बाकी देव काही पाहुणचार मोजत नाहीत.” नणंदेच्या सासूबाईंनी स्वतःच फोन करून सांगितले की आमच्या देव्हाऱ्याची खालची पायरी मोकळी केली आहे. आईंनी स्टीलच्या डब्यात तळाला तांदूळ पसरले, त्यावर अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण ठेवले, टाक रेशमी खणात गुंडाळले, आणि डबा रात्री आपल्या उशाशी ठेवला.

गोळी घेऊन त्या निजल्या तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मी खोक्यांच्या पलीकडे जमिनीवर गादी टाकली होती. दोनच्या सुमाराला त्या उठल्या. कपाट दुपारीच हॉलमध्ये सरकवले होते, हे मला तेव्हा आठवले. त्यांचा उजवा हात कपाटाची कड असते तिथे गेला आणि रिकाम्या हवेत तसाच राहिला. त्या थांबल्या, हात जरा पुढे नेला, जरा मागे आणला. मी उठून त्या जागी उभी राहिले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फ्रिजपर्यंत आम्ही तशाच गेलो. पुढची वाट त्यांची त्यांना माहीत होती.

सकाळी नवऱ्याने रिक्षा आणली. नणंद स्टेशनवर घ्यायला येणार होती, पण तिथपर्यंत नवरा सोबत जाणार होता. आई डबा मांडीवर घेऊन बसल्या, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी, तिच्यावर मी त्यांचे नाव लिहिले होते. वर गवंड्यांनी उंबऱ्याजवळ नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, छिन्नी टेकवली आणि गॅलरीत उभ्या असलेल्या मला विचारले, “ताई, इथूनच करू का सुरू?”

खाली रिक्षा अजून फाटकातून बाहेर पडत होती. मी म्हटले, “थांबा. ती कोपऱ्यावरून वळू दे.”